वरवंटा पडला होता

पडला तो वरवंटा. पोर नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं ऐकताना लोक माना डोलावतात, हळहळतात आणि शेवटी विचारतात, "मग लागलं का हो बाळाला?" त्या प्रश्नानं माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. बाळ तिथं नव्हतंच. ते आतल्या खोलीच्या उंबऱ्यापाशी माझ्या नणंदेच्या मांडीवर गाढ झोपलेलं होतं. आणि तरी सोलापुरातल्या आमच्या अख्ख्या गल्लीत मी पोराला पाडणारी बाई म्हणून ओळखली गेले.

माझा उजवा खांदा निखळतो. लहानपणापासून निखळतो. हाड मोडलं असतं तर फार बरं झालं असतं. मोडलेल्या हाडाला मान असतो. लोक भेटायला येतात, हळद-दूध देतात, कामाला हात लावू देत नाहीत. खांदा निखळणाऱ्या बाईच्या वाट्याला यातलं काही येत नाही, कारण माणसं जमेपर्यंत तो बहुतेक वेळा परत बसलेला असतो. मग उरते एक घामानं भिजलेली, पांढरीफटक पडलेली बाई, आणि तिच्याभोवती उभं राहून एकमेकींना डोळ्यांनी खुणावणाऱ्या बायका.

याची सुरुवात एका एडक्यानं केली. वळसंगाच्या पुढं, अक्कलकोटाच्या वाटेवर आमचं गाव. वडिलांची थोडी कोरडवाहू जमीन आणि मेंढरं. मी परकर-पोलक्यातली होते. एडक्याचा दोर मनगटाला गुंडाळून उभी होते, कारण दोर सोडू नको असं मला बजावलं होतं आणि सांगितलेलं काम मी जरा जास्तच नीट करत असे. कुत्रं भुंकलं, एडका उधळला आणि माझा हात त्याच्याबरोबर मागे गेला. उरलेली मी जागच्या जागी राहिले. खांद्याचा गोल जाऊन तिथं खळगा पडला आणि काखेच्या पुढं लिंबाएवढं टेंगूळ वर आलं. हात अंगापाशी घेता येईना. बोटांना मुंग्या.

शेजारच्या गावचा हाडवैद्य आला. कानडीत काहीबाही पुटपुटत त्यानं मला घोंगडीवर आडवं केलं, काखेत टाच रोवली आणि मनगट धरून ओढत राहिला. खांदा आत गेला तसा मला एकदम श्वास आला. त्या माणसावर माझा काही राग नाही. त्यानं त्याचं काम केलं आणि जाताना सांगितलं, हात गळ्यात बांधा, महिनाभर हलवू देऊ नका.

पण महिनाभर पोरीचा हात बांधून ठेवला तर शेण कोण काढणार, पाणी कोण भरणार? माझ्या वडिलांनी त्याहून सोपा इलाज काढला. मेंढरू लंगडायला लागलं की आमच्याकडे त्याच्या खांद्याच्या फऱ्यावर तापलेल्या विळ्याचा डाग देतात. मेंढरू बरं झालं तर डागानं झालं, नाही झालं तर त्याचं आयुष्यच तेवढं होतं. तोच विळा तापवून माझ्या खांद्यावर डाग दिले, एकाशेजारी एक. आईनं मला धरलं होतं आणि माझ्याबरोबर तीही रडत होती. "आता न्हाय निगायचा," वडील म्हणाले. डाग सुकायच्या आधीच तो पुन्हा निघाला. वडिलांचा माझ्यावर जीव होता, हे सगळे सांगतात, मलाही ठाऊक आहे. पण डाग माझ्या कातडीवर आहेत, सांगणाऱ्यांच्या नाहीत.

तेव्हापासून हात वर होऊन जरा मागे गेला की संपलं. दोरीवर ओलं लुगडं टाकताना तो निघाला. अंबाडा घालताना निघाला. एकदा झोपेत नुसती कूस बदलली तेवढ्यानं निघाला. मी उजवं कोपर अंगाला चिकटवून जगायला शिकले. फळीवरचं काही काढायचं तर डाव्या हातानं, वेणी घालायची तर मान वाकवून. आणि निघालाच तर बसवायचा कसा, तेही माझं मीच शोधून काढलं. उंच कट्ट्यावर पालथं पडायचं, हात खाली लोंबता सोडायचा, मुठीत पाण्याची कळशी धरायची आणि दातओठ आवळून बाकीचं अंग सैल सोडायचं. कळशीच्या ओझ्यानं खांदा हळूहळू खाली येतो आणि आपल्या जागी सरकतो. इतकं दुखत असताना अंग सैल सोडणं ही काय गोष्ट आहे, ते ज्यांनी मला सोंगाडी म्हटलं त्यांनी एकदा करून बघावं.

सोंगाडी मला सासरी म्हटलं. आई गेली आणि वर्षाच्या आत वडिलांनी माझं लग्न लावून दिलं. बघायला आले तेव्हा चालून दाखव म्हणाले, चालले. चौथीपर्यंत शिकलीय तर वाचून दाखव म्हणाले, वाचलं. हात पुढं कर म्हणाले, केला. खांदा दाखव असं कुणी म्हणालं नाही आणि वडिलांनीही तो विषय काढला नाही. चोळीच्या बाहीखाली सगळे डाग झाकलेले होते.

नवरा सोलापूरला मिलच्या घडी खात्यात होता, कापडाच्या घड्या घालून गठ्ठे बांधायचं काम. घरात सासूबाई आणि माझी थोरली नणंद. नणंद लहान वयात विधवा होऊन माहेरी परतलेली, मूलबाळ नाही. मी तिला वन्सं म्हणायची आणि ती मला वैनी. लग्नानंतर थोड्याच दिवसांत अंगणात लुगडं वाळत घालताना खांदा निघाला. मी कळशी घेऊन कट्ट्यावर पालथी पडले. सासूबाई देवळातून परत आल्या तोवर तो बसला होता आणि मी डोळे मिटून पडून होते. त्यांनी काय बघितलं? भरदिवसा कट्ट्यावर लोळणारी सून आणि बादलीत तसंच पडलेलं धुणं. "कामाच्या वक्ताला बरं हिचं हाड हलतंय," त्या म्हणाल्या. तिथून माझं नाव पडलं ते पडलंच.

नवऱ्याला मात्र खरं माहीत होतं. दोनदा खांदा त्याच्यासमोर निघाला होता आणि दोन्ही वेळा त्यानं माझा हात धरून, मी सांगेन तसा, हळूहळू ओढून बसवून दिला होता. त्याचे हात चांगले होते. दुसऱ्या वेळी त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणूनच पुढं त्याच्यावर जेवढा राग आला तेवढा कुणावरच आला नाही.

तीस साली सोलापुरात इंग्रजांनी मार्शल लॉ लावला, त्याच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. मला दिवस गेले. आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपणसुद्धा सासरीच झालं. मुलगा झाला. घरात साखर वाटली आणि बाराव्या दिवशी बारसं ठरलं.

बारशाला बाळाच्या आधी वरवंटा पाळण्यात घालतात. वाटण वाटायचा तो दगडी वरवंटा धुऊन पुसून त्याला हळदकुंकू लावायचं, काजळाची तीट लावायची, बाळाची कुंची घालायची. मग पाळण्याच्या दोन बाजूंना दोन सवाष्णी उभ्या राहतात. एकीनं पाळण्याखालून द्यायचा, दुसरीनं घ्यायचा आणि पाळण्यावरून परत करायचा, पुन्हा उलट्या बाजूनं तसंच. बाळ दगडासारखं टणक व्हावं म्हणून हे करतात. त्यानंतर खरं बाळ पाळण्यात. आमच्याकडे एका बाजूला शेजारची तेलुगू विणकराची बायको उभी होती. दुसऱ्या बाजूला गल्लीतली एक थोराड सवाष्ण उभी राहायची होती, पण तिच्याकडे ऐन वेळी सुतक आलं.

"तू ऱ्हा की हुबी," सासूबाई मला म्हणाल्या.

"माजा हात वर जात न्हाय," मी म्हटलं. सगळ्या बायकांदेखत म्हटलं. हळू नाही, चांगलं मोठ्यानं.

"आजच्या दिशी तरी सोंग काडू नगंस. दगुड घ्यायचा नि द्यायचा, त्यात काय हाय?"

उभी राहिले. ओली बाळंतीण, डोकं गरगरतंय, समोर वीस-पंचवीस बायका. खालून दिलेला दगड मी डाव्या हातानं घेत होते. वरून आलेला घ्यायला मात्र दोन्ही हात लागायचे, कारण पाळणा आढ्याला उंच टांगला होता. शेवटच्या फेरीला विणकरणीनं वरून वरवंटा पुढं केला, मी हात वर केले, त्याचा सगळा भार माझ्या उजव्या तळव्यावर आला आणि खांदा निघाला. मी ओरडले. वरवंटा पाळण्याच्या काठावर आपटला आणि तिथून खाली फरशीवर.

मागच्या बायकांना दिसली ती कुंची. लाल कुंची वरून खाली पडताना दिसली आणि कानावर आली माझी किंकाळी. क्षणात घरभर एकच हलकल्लोळ. सासूबाईंनी छाती बडवून घेतली. विणकरीण तेवढी "रायी, रायी!" करत खाली बोट दाखवत होती. रायी म्हणजे त्यांच्या भाषेत दगड. पण तिला आपल्यातलं काय कळतंय, असं म्हणून तिला बाजूला सारलं. आणि वन्सं? विधवा म्हणून तिला पाळण्याजवळ यायला बंदी होती. ती आतल्या उंबऱ्यापाशी बसली होती आणि बाळ तिच्या मांडीवर होतं. त्या गोंधळातसुद्धा ते जागं झालं नाही. वन्संनी त्याला छातीशी घट्ट धरलं आणि आत जाऊन दार लोटून घेतलं.

माझ्या खांद्याकडे कुणी बघितलं नाही. मी बारशाचं जरीचं लुगडं नेसून, सगळ्या बायकांसमोर, बाहेरच्या कट्ट्यावर पालथी पडले. कळशी कुणीतरी पूजेला नेली होती. बराच वेळ मी नुसताच हात लोंबता ठेवून पडून होते आणि आत माझ्या मुलाचं नाव ठेवणं चाललं होतं. ते नाव मी कट्ट्यावरून ऐकलं.

त्या दिवसापासून मूल माझ्या हातात देणं बंद झालं. पाजायचं असलं की मी भिंतीला टेकून बसायचं, वन्संनी मूल आणून मांडीवर ठेवायचं आणि पिऊन होईपर्यंत त्याच्या पाठीखाली हात धरून शेजारी बसायचं. तोंडातलं दूध पुसायच्या आत ते उचलून नेलं जायचं. न्हाऊ-माखू वन्सं घालणार, झोका वन्सं देणार, रात्री तो झोपणार वन्संच्या कुशीत. दूध माझं होतं म्हणून, नाहीतर मला कशाला विचारलं असतं?

एकदा मी वन्संना गाठलं. सासूबाई बाहेर गेल्या होत्या. मी म्हटलं, "वन्सं, खरं सांगा. बारशाच्या येळंला पोर तुमच्या मांडीवर हुतं की न्हाय?"

"हुतं की. न्हाय कोन म्हनतंय?"

"मग मी काय पाडलं?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच अडाणी. "वैनी, कुंची घातली, तीट लावली, कुंकू लावलं, मग त्यो दगुड ऱ्हातोय व्हय? त्या घडीला त्योच पोरगा असतोय. तुज्या हातनं पोरगाच पडला. देवाची किरपा म्हनून माज्या मांडीवरच्याला काय झालं न्हाय."

ती खोटं बोलत नव्हती, हेच तर भयंकर होतं. तिचा त्यावर विश्वास होता. आणि मला हेही दिसत होतं की तिला नवरा नव्हता, मूल नव्हतं, स्वतःच्या भाच्याच्या पाळण्याजवळ उभं राहायची मुभा नव्हती. सगळं दिसत होतं आणि तरी माझा राग तिळभर कमी होत नव्हता. तिचं कपाळ काही मी पांढरं केलं नव्हतं. मग भरपाई माझ्या कुशीतून का?

मी नवऱ्याच्या मागे लागले की मला सरकारी दवाखान्यात ने. खांद्याचं काहीतरी होईल, निदान सोंग नाही एवढं तरी कुणी शिकलेला माणूस सांगेल. महिनोन्‌महिने टाळून शेवटी त्यानं नेलं. डॉक्टरांनी हात पुढं-मागं करून बघितला. "बाई, खांदा जागेवर आहे. यात मी काय बघू?" ते म्हणाले आणि पुढच्या रोग्याला हाक मारायला लागले. नवरा लगेच उठून उभा राहिला. मी उठले नाही. म्हटलं, "थांबा, दाखवते." आणि हात वर केला, मागे नेला, आणि मुद्दाम, जाणूनबुजून, त्यांच्या डोळ्यांसमोर खांदा बाहेर काढला.

डॉक्टर खुर्चीतून उडालेच. माझ्या डोळ्यांपुढं काजवे चमकत होते, तरी त्यांचं ते तोंड बघून मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. मग त्यांनी खांदा बसवला, हात छातीशी घट्ट बांधला आणि नीट बोलले. हाडाला जागेवर धरून ठेवणाऱ्या आतल्या दोऱ्या सैल पडल्यात, हे असं पुन्हापुन्हा होत राहणार, मुंबईचे मोठे डॉक्टर कापून शिवतात म्हणे, पण खात्री कुणी देत नाही. "हे सोंग नाही ना?" मी नवऱ्यासमोर मुद्दाम विचारलं. "सोंग? छे छे," ते म्हणाले.

मी जिंकल्यासारखी उठले आणि तेवढ्यात नवऱ्यानं विचारलं, "सायब, ल्हान पोराला उचललं तर चालंल का हिनं?"

"सध्या नको," डॉक्टर म्हणाले.

घरी पोचेपर्यंत त्यातलं 'सध्या' कुठंतरी गळून पडलं. नवऱ्यानं दारातूनच आईला सांगितलं, "डाक्टर म्हनले, पोराला उचलायचं न्हाय." ज्या पट्टीनं मी खरी ठरायची त्याच पट्टीकडे बोट दाखवून सासूबाई गल्लीला सांगू लागल्या, "हातच बांदून दिलाय बगा डाक्टरनं. आता बोला." दीड महिन्यानं पट्टी सुटली. डॉक्टरांचा हुकूम सुटला नाही.

पट्टी सुटली त्या रात्री मी नवऱ्याशी भांडले. कुजबुजत भांडले, कारण खोल्या दोनच. म्हटलं, तुमाला ठावं हाय ना दगड पडला ते? तुमी दाराशी हुबं हुता. तुमी माजा खांदा तुमच्या हातानं बसवलाय. मग एकदा, एकदाच, आईला सांगा की.

तो म्हणाला, "जाऊ दे की. पोरगं घरातच हाय. आईजवळ काय नि आत्याजवळ काय, येकच."

एकच! हा शब्द माझ्या कानात अजून तसाच आहे. दिवसभर कापडाच्या घड्या घालून त्याला सगळंच घडी घालून ठेवायची सवय लागली होती. मला मारणारा नवरा असता तर मी सगळ्यांना सांगितलं असतं. न मारणारा, न बोलणारा, डोळ्यांत पाणी आणणारा आणि खरं ठाऊक असून तोंड न उघडणारा नवरा, त्याचं गाऱ्हाणं कुणाकडं न्यायचं?

मग मी माझ्या परीनं तयारी सुरू केली. डावा खांदा माझा भक्कम होता. उजवा हात लुगड्याच्या कमरेच्या घोळात खोवून ठेवायची आणि ज्वारीचं गाठोडं डाव्या कडेवर घेऊन अंगणात चालायची. वाकायची, बसायची, उठायची, उंबरा ओलांडायची. शेजारच्या विणकरणीनं बघितलं आणि आपलं धाकटं पोर आणून माझ्या कडेवर दिलं. नुसतं दिलं. पाठीखाली हात न धरता. मी तशीच अंगणात उभी राहून रडले. त्यानंतर तिची पोरं माझ्या कडेवर वाढली. एक चालायला लागलं की दुसरं. एकही पडलं नाही, एकाला ओरखडा आला नाही. आणि समोर आमच्या दारात माझा मुलगा वन्संच्या कडेवरून मला बघत असायचा.

"लोकाची घेतीस ना, पडली तर त्यांची जात्यात," सासूबाई म्हणायच्या. असं त्या खरंच म्हणायच्या.

या सगळ्यात एक गोष्ट हळूहळू झाली, ती माझ्या उशिरा लक्षात आली. पहिल्या वर्षी बायका म्हणायच्या, बारशाला हिच्या हातून वरवंटा पडला, अपशकुन झाला. पुढच्या वर्षी म्हणायला लागल्या, बारशाला हिच्या हातून पडलं. मग वरवंटाही गेला आणि बारसंही गेलं. हिनं पोराला पाडलं, एवढंच राहिलं. ज्या बायका त्या दिवशी समोर उभ्या होत्या, ज्यांनी दगड फरशीवर लोळताना बघितला, ज्यांनी तो उचलून परत पाट्याजवळ ठेवला, त्याच आता मला समजावायच्या, "व्हतं गं आसं, हात निसाटतोय, तू तरी काय करशील." त्यांच्या त्या मायेला मी एकदा इतकी कडाडले की पुढं त्या मला चक्रम म्हणायला लागल्या. म्हणू देत. चक्रम हे निदान माझ्या स्वभावावरून पडलेलं नाव होतं.

मुलगा चार वर्षांचा झाला तेव्हा माझ्या धाकट्या भावाचं लग्न निघालं. वन्सं आमच्याबरोबर यायची असं ठरलंच होतं, कारण तिच्याशिवाय मुलगा राहणार कसा? पण निघायच्या आदल्या दिवशी सासूबाई नळावर घसरल्या आणि त्यांचा पाय मुरगळला. चुलीपाशी, पायाशी वन्सं हवीच. नवऱ्याला पाळी सोडून आधी येता येईना, तो लग्नाच्या दिवशी यायचा होता. म्हणजे मी आणि मुलगा, दोघंच. देवाचं मी फारसं करत नाही, पण सासूबाईंच्या त्या सुजलेल्या पायाला मी मनातल्या मनात दंडवत घातला.

बाजाराला आलेली गावाकडची गाडी परत चालली होती, तिच्यात बसलो. निघताना वन्संनी मुलाला गाडीत ठेवलं, दहा सूचना दिल्या आणि पदर तोंडाला लावून आत गेली. मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. दिवसभराची वाट. मुलानं आधी थोडं रडून घेतलं, मग गाडीवानाशेजारी बसून बैलांची नावं विचारली, मग माझ्याजवळ आला. मी शेंगा सोलून दिल्या. त्यानं एक शेंग सोलून माझ्या तोंडात घातली. एवढं मोकळं तो माझ्याशी कधीच वागला नव्हता, कारण एवढा वेळ आम्ही दोघं एकटे कधी नव्हतोच. वळसंग मागे पडलं तसा तो माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपला. मी डाव्या हातानं त्याला थोपटत होते आणि मनाशी सगळं ठरवत होते. गाडी दारात थांबेल. मी आधी उतरेन. उजवा हात कमरेत खोवीन, डावा त्याच्या कमरेभोवती टाकीन आणि त्याला कडेवर घेऊन, वडिलांच्या देखत, भावकीच्या देखत, लग्नघरात जाईन. कुणी हात पुढं केला तर म्हणेन, राहू द्या, माझा मी घेते. हे वाक्य मी वाटेनं किती वेळा घोकलं.

गाडी थांबली. गाडीवान खाली उतरून बैलांच्या तोंडापाशी उभा राहिला. मी उतरले. मुलगा जागा होऊन गाडीच्या मागच्या कडेला आला. मी उजवा हात खोवला, डावा पुढं केला आणि म्हटलं, "ये, माज्या राजा."

तो एक पाऊल मागे सरकला.

"ये की."

"तू नगं," तो म्हणाला. रडत नव्हता, रागावला नव्हता, सरळ सांगत होता. "आत्या कुटं हाय?"

"आत्या घरी हाय. मी हाय न्हवं? मी घेते तुला."

"तू पाडतीस."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पोरावर नाही, वन्संवर, सासूवर, त्या मुक्या माणसावर, सगळ्या गल्लीवर. पण समोर होता तो चार वर्षांचा जीव. मी आवाज खाली आणला. "मी न्हाय रं पाडलं तुला. कुणीतरी खोटं सांगितलंय. दगुड पडला हुता. तू आत्याच्या मांडीवर झोपला हुतास."

"कुनी सांगितलं न्हाय," तो म्हणाला. "मला याद हाय की. तू वरनं सोडलंस मला. लई लागलं हुतं."

गाडीवान आमच्याकडे बघत होता. आतून कुणीतरी "आली का गं पोरगी" म्हणून हाक मारली. मी खोवलेला हात सोडवला, गाडीत परत चढले आणि त्याच्या शेजारी बसले.

"कुटं लागलं हुतं?" मी विचारलं.

त्यानं टाळूच्या थोडं मागं, केसांत बोट ठेवलं. जराही न चाचरता ठेवलं. "हितं."

मी त्याचं डोकं जवळ घेतलं, तिथले केस बाजूला केले आणि बघितलं. कसलीच खूण नव्हती. तरी मी बोटानं चाचपत राहिले, तसा तो डोकं आखडून घेत म्हणाला, "हळू की आई, दुकतंय."